चार ते सहा, फक्त महिलांसाठी

सायकलवर माझं प्रेम वगैरे कधीच नव्हतं. पुण्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या मुलीला सायकल यायची, तशी मला येत होती. शाळेला सायकल, कॉलेजला सायकल, दळण आणायलाही सायकलच. लग्न झालं, ह्यांच्या सरकारी नोकरीतल्या बदल्यांबरोबर मी आधी नागपूरला आणि मग कलकत्त्याला आले आणि सायकल मागे राहिली. तिची आठवणसुद्धा येत नसे. ती माझ्या आयुष्यात परत आली ती गरजेपोटी, हौसेने नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे महिला मंडळातल्या बायका माझ्याबद्दल "तिला सायकलचं भारी वेड" असं बोलायच्या आणि ते कानावर आलं की माझं डोकं फिरायचं.

कलकत्त्यात आमचं बस्तान जेमतेम बसत होतं तेव्हा हे गेले. काविळीचं निमित्त झालं. दिवसांना साताऱ्याहून थोरले दीर आले. तेराव्याची जेवणं उरकल्यावर ते मला म्हणाले, "आता इथे काय ठेवलंय? आईला घेऊन साताऱ्याला या. तुमचे दोन घास आम्हाला जड नाहीत." माणूस वाईट नव्हता. पण त्या दोन घासांत मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या मर्जीने उठायचं, त्यांच्या मर्जीने बसायचं, आणि साडी फाटली की तोंड वेंगाडायला कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. सासूबाई माझ्याजवळच असत. त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने अंधूक दिसे. त्यांनाही थोरल्या सुनेकडे जायचं नव्हतं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. पण दीर बोलत होते तेव्हा त्या माझा पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

ह्यांच्या कचेरीने मला कारकुनाची जागा दिली. ती तात्पुरती होती. वर्षभर काम बघायचं, हजेरी बघायची आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवायचं, असा नियम. कचेरी गार्डन रीचला, नदीच्या बाजूला. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आम्ही दोघी बेहालाला एका बंगाली कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. हिशेब सरळ होता. नोकरी कायम झाली तर आमचं आम्हाला घर, नाहीतर सातारा.

त्या हिशेबात मी बस धरली नव्हती. बेहालाहून तारातलापर्यंत एक बस आणि तिथून पुढे दुसरी. पहिलीत पाय ठेवायला जागा नसे आणि दुसरी येईलच असं काही नसे. शहराचं तेव्हा काही खरं नव्हतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठेतरी बॉम्ब फुटला म्हणून रस्ता अडवलेला. भिंतीभिंतीवर घोषणा, नाक्यानाक्यावर बंदुका घेतलेले पोलीस. लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं, मीही घेतलं. पण कचेरीने नाही घेतलं. मी घरून वेळेवर निघे आणि कचेरीत उशिरा पोचे, तोवर हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे तांबडी रेघ पडलेली असे. ही रेघ मारायचं काम बडोबाबूंचं, म्हणजे आमच्या विभागातल्या वयस्कर मुख्य कारकुनांचं. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं. सुनेला हाक मारतात तसं ते मला 'बौमा' म्हणत. "बौमा," ते हिंदीत म्हणाले, "ये लकीर मैं नहीं खींचता, मेरी नौकरी खींचती है. लेकिन साल के आखिर में साहेब लोग यही देखेंगे."

बंदच्या दिवशीही वेळेवर पोचणारी माणसं कचेरीत होती. ती सगळी सायकलवाली होती, आणि बडोबाबू त्यांच्यातलेच एक. धोतराला क्लिपा लावून, मागे छत्री बांधून ते बेहालाच्या पलीकडून यायचे. ते बघूनच मी ठरवलं. ह्यांची दांडीची सायकल खोलीबाहेर गंजत पडली होती. बेहालाच्या एका दुकानदाराला ती दिली आणि बदल्यात एक जुनी लेडीज सायकल घेतली. सासूबाईंनी हाताने ती सगळी चाचपून पाहिली. लोक काय म्हणतील ते बोलून झालं. मग म्हणाल्या, "ब्रेक दोन्ही लागतात ना, ते आधी बघ."

लोक बरंच काही म्हणाले. कलकत्त्यात तेव्हा बाई सायकलवर दिसणं नवलाचं, आणि माझ्यासारखी रिकाम्या कपाळाची बाई म्हणजे तर तमाशाच. पोरं मागे धावायची, दुकानांतून माना बाहेर यायच्या. पहिले काही दिवस माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मग मी बघायचंच सोडून दिलं. तांबड्या रेघा थांबल्या, मला एवढंच हवं होतं. तारातलाच्या पुढे गोदामांच्या मागून एक रस्ता जायचा. एका बाजूला गोदामांची भिंत, दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचे रूळ, मध्ये आमचा रस्ता. त्यावर लॉऱ्या येत नसत. सकाळी सगळे सायकलवाले त्याच रस्त्याने जायचे. जहाजाच्या कारखान्यातले फिटर, खलाशी, कचेऱ्यांतले बाबू, हमाल. तिथे माझ्याकडे कुणी वळून पाहत नसे. सगळ्यांना वेळ गाठायची घाई असायची आणि मी त्या घाईतलीच एक होते. हे गेल्यानंतर माणसांत असल्यासारखं मला फक्त त्या रस्त्यावर वाटायचं.

आणि एका सकाळी त्या रस्त्याचं एरवी उघडं असणारं फाटक बंद झालं. भलं मोठं कुलूप, आत एक बंदूकवाला चौकीदार, बाहेर पाटी: सुरक्षेसाठी प्रवेश बंद. गोदामं ज्या खात्याची, त्या खात्याला भीती वाटली की सायकलवर कुणीही काहीही घेऊन आत येईल. तसे दिवस होते खरे. पण आम्हाला आता लॉऱ्यांच्या मोठ्या रस्त्याने जाणं भाग होतं. त्या रस्त्यावर खड्डे, तेलाचे ओघळ, आणि जागोजागी मालगाड्यांचे रूळ रस्ता तिरका कापून जाणारे. सायकलचं चाक त्या रुळांच्या खाचेत गेलं की माणूस आडवा झालाच समजा, आणि मागे लॉरी.

लवकरच एक माणूस गेला. जहाजाच्या कारखान्यातला होता, मला तोंडओळखीपुरताच माहीत. मी पोचले तेव्हा त्याला नेलं होतं. सायकल कडेला भिंतीला टेकवून ठेवलेली होती, अगदी नीट, जशी कुणी कामावर जाताना ठेवावी. तिच्या सीटवर लोकरीचं विणलेलं कव्हर होतं, निळं-पांढरं. कुणीतरी घरी बसून टाके मोजत ते विणलं होतं. मी त्या दिवशीही वेळेवर पोचले. जागेवर बसले, फाईल उघडली आणि मला रडू कोसळलं. बडोबाबूंनी माझ्याकडे पाठ केली, म्हणजे मला रडता यावं.

त्या संध्याकाळपासून फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर सायकलवाले जमायला लागले. मीही थांबायला लागले. सुरुवातीला मी कडेला उभी राहत असे. मग मला एक बाकडं मोकळं करून द्यायला लागले, 'दिदी' म्हणायला लागले. मागणी साधी होती. सकाळी कचेऱ्या भरताना आणि संध्याकाळी सुटताना फाटक उघडा, आम्ही ओळखपत्र दाखवून आत जाऊ, हवं तर आमचाच माणूस चौकीदाराशेजारी उभा करू. रोज सकाळी कामावर जाण्याआधी सगळे फाटकासमोर थोडा वेळ थांबत आणि एकदम घंट्या वाजवत. मी माझी घंटी इतक्या जोराने दाबायचे की अंगठा दुखायचा. आपल्याला एवढा राग आहे हे मला तिथे कळलं. सगळा राग फाटकावरचा नव्हता.

पण कलकत्त्यात कोणतीही गोष्ट झेंड्याशिवाय पुढे जात नसे. कारखान्यात दोन युनियन होत्या. एकीने पाठिंबा दिला की दुसरी पाठ फिरवायची. सभेला कुणाचा झेंडा लावायचा यावर टपरीवर भांडणं झाली, एकदा तर चहाचे पेले फुटले. आणि ज्या साहेबाच्या हातात फाटकाची किल्ली होती, तो म्हणत होता, मी कोणत्याही युनियनशी बोलणार नाही.

मग बडोबाबूंच्या लक्षात आलं की तो साहेब मराठी आहे. "बौमा, आपके देश का आदमी है. आप बोलेंगी तो सुनेगा." सगळ्या टपरीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरा मला अजून आठवतात. आजवर मी त्यांच्यातली एक होते. त्या क्षणी मी त्यांचा शेवटचा उपाय झाले.

साहेबांना मी ओळखत नव्हते, पण त्यांच्या बायकोला ओळखत होते. वहिनी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. हे होते तेव्हा मी मंडळात जात असे. हे गेल्यावर वहिनी भेटायला आल्या होत्या, सासूबाईंजवळ बराच वेळ बसल्या होत्या. बाई मनाने चांगली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवेल.

मी बंगल्यावर गेले, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता वहिनींचे डोळे भरून आले. लोकरीच्या कव्हराचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. आणि मग एकदम त्यांना हुरूप आला. "अगं, मीसुद्धा पुण्यात सायकल चालवायची! तू काळजी करू नकोस. हे ऑफिसात कुणाचं ऐकत नाहीत, पण घरी चार बायका एकदम बोलल्या की ह्यांना बोलायला जागा राहत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना, झाडून सगळ्या मराठी बायका येतील, बँकेतल्या, रेल्वेतल्या, सगळ्या. तेव्हाच विषय काढते. आणि वाण काय लुटू सांगू? सायकलची घंटी!"

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन. संक्रांतीला कुणी कंगवे लुटतं, कुणी चहाची गाळणी. सायकलच्या घंट्या लुटलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मला ती कल्पना फार आवडली. मी त्यांना परत परत सांगितलं, "वहिनी, वेळ महत्त्वाची. सकाळी कचेरी भरताना आणि संध्याकाळी सुटताना. आणि सगळ्या सायकलवाल्यांना." त्या म्हणाल्या, "आलं गं लक्षात."

घंट्या आणायचं काम माझ्याकडे आलं. बेहालाच्या त्याच दुकानदाराकडून मी त्या घेतल्या, पोत्यात भरून कॅरिअरला बांधल्या. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला पोतं किणकिणत होतं आणि टपरीवरची मंडळी मला बघून टाळ्या वाजवत होती. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी पोतं बंगल्यावर पोचवलं. आत बायका तिळाचे लाडू वळत होत्या. एक-दोघींनी मला पाहिलं आणि हातातल्या लाडवाकडे लक्ष घातलं. वहिनी मला पडवीत घेऊन आल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

"उद्याचं सगळं पार पडलं की मी स्वतः तुला निरोप पाठवते हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू उद्या... तुला माहीतच आहे गं. मला काही वाटत नाही, पण बाकीच्या बायका."

माहीत होतंच. मी काय मूर्ख होते? विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं हे सांगायला कुणी लागत नाही. स्वतः सवाष्ण होते तेव्हा मीही कुणा विधवेला बोलावलं नव्हतं. तरी त्या पडवीत उभं राहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर एवढं बोलणं झालं, वेळा ठरल्या, घंट्या आल्या आणि सायकल चालवणारी एकटी मी बाहेर, हे मला तोपर्यंत नीट दिसलंच नव्हतं. वहिनींनाही नसावं. त्यांना बायका एकत्र आणायच्या होत्या, आणि आमच्या बायका एकत्र येतात त्या हळदीकुंकवाला. दुसरी रीत आम्हाला सुचलीच नाही. मी म्हटलं, "वहिनी, फक्त सकाळची वेळ विसरू नका." आणि सायकलवर बसले.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी कचेरीत होते. संध्याकाळी टपरीवर सगळे विचारत होते, झालं का? मी म्हणत होते, होईल.

दोन-तीन दिवसांनी निरोप आला. वहिनी दारातच उभ्या होत्या, तोंडभर हसत. "झालं तुझं काम! ह्यांनी हुकूमच काढलाय. चार ते सहा फाटक उघडं. फक्त महिलांसाठी."

मला आधी कळेचना. "आणि सकाळी?"

"अगं, सगळ्यांना विचारलं मी. सकाळी कुणाला जमणार? डबे असतात, मुलांच्या शाळा असतात. सगळ्या म्हणाल्या, चारनंतर बरं. ऊनही उतरलेलं असतं."

"आणि बाकीचे सायकलवाले?"

वहिनींचा आवाज खाली आला. "पुरुषांचं ना, तो युनियनचा प्रश्न झाला. त्यात आपण पडू नये असं हे म्हणाले."

त्यांना खरोखर वाटत होतं की आपण माझ्यासाठी काहीतरी मिळवलं. आत दिवाणखान्यात हलव्याचे दागिने अजून तबकात पडले होते. मी त्यांना खडसावायला हवं होतं. पण खडसावून काय सांगणार? वेळ विचारली तेव्हा सकाळी कामावर जाणारी बाई त्या खोलीत नव्हती. ती का नव्हती ते दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, "उपकार झाले वहिनी." त्यांना ते खरंच वाटलं.

फाटकावर नवी पाटी लागली. टपरीवर तिचं नाव 'दिदिर गेट' पडलं, दिदीचं फाटक. आधी ते हसून म्हणाले. मग हसणं गेलं. कुणी मला दोष दिला नाही, शिवी दिली नाही. फक्त मी आले की बोलणं थांबायचं, आणि बाकडं मोकळं करून देताना सगळे एकदम उठायचे, साहेबाच्या बायकोसाठी उठतात तसे. सकाळी घंट्या वाजवायला माणसं कमी कमी होत गेली. एकदा जहाजाच्या कारखान्यातला एक फिटर मला समजावल्यासारखं म्हणाला, "दिदी, आपका तो हो गया. आप क्यों धूप में खड़ी हैं?"

संध्याकाळी पाचला कचेरी सुटे तेव्हा फाटक उघडं असे. चौकीदार मला बघून सलाम ठोकायचा आणि हाताने आत यायची खूण करायचा. मी गेले नाही. एक दिवसही नाही. बाकीचे सायकलवाले वळून लॉऱ्यांच्या रस्त्याला लागत आणि मीही त्यांच्यामागून लागे. सुरुवातीला मंडळातल्या काही बायका खरंच सायकली घेऊन यायच्या, पदर खोचून, एकमेकींना धरून, हसत. भिंतीच्या वरून त्यांच्या घंट्यांचा आवाज यायचा. मग चैत्राचं ऊन तापलं आणि त्या यायच्या बंद झाल्या. चार ते सहा फाटक सताड उघडं, आत तो स्वच्छ रस्ता आणि त्यावर कुणीच नाही. चौकीदार स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा. बाहेर आम्ही, धूर गिळत, रूळ चुकवत.

"अंदर जाइए, बौमा," बडोबाबू मला म्हणाले. "आपके जाने से हमारा क्या जाएगा?" जाणार काहीच नव्हतं. तेच तर मला सहन होत नव्हतं.

वैशाखात एका संध्याकाळी आभाळ काळंभोर होऊन आलं. कालबैशाखीचं वादळ म्हणतात तिथे, बघता बघता येतं. कचेरी सुटली तेव्हा पहिले थेंब पडत होते. फाटकाजवळ मी क्षणभर थांबले. चौकीदार आतून ओरडला, "आइए माईजी, भीग जाएँगी." बाकीचे सायकलवाले माना खाली घालून पुढे निघून गेले होते. कुणी मागे वळून पाहिलं नाही. मी पायडल मारलं आणि त्यांच्यामागे निघाले.

रूळ ओले झाले होते. लॉरीने मागून भोंगा दिला, मी कडेला घेतलं आणि पुढचं चाक खाचेत गेलं. लॉरीवाल्याने ब्रेक दाबला म्हणून मी हे लिहायला उरले. उजव्या हाताचं कोपर मात्र दगडावर आपटून पार मोडलं. त्या फिटरनेच मला उचलून हातगाडीवर घातलं आणि गाडीला धरून भिजत इस्पितळापर्यंत आला.

कोपर नीट जुळलं नाही. आजही मला हात पूर्ण सरळ करता येत नाही. तात्पुरत्या कारकुनाला एवढी रजा नव्हती, आणि ज्या हाताने लिहायचं तोच मोडलेला. बडोबाबूंनी आपल्या परीने सगळं केलं, साहेब लोकांपुढे जाऊन हात जोडले. मग एक दिवस संदेश मिठाईचा पुडा घेऊन घरी आले, खुर्चीच्या कडेला बसून राहिले आणि काही न सांगता उठले. त्यांनी सांगायची गरज नव्हती. वहिनींकडून कुणी आलं नाही. त्यांच्या साहेबांची बदली झाली होती, आणि नवा साहेब आल्यावर त्याने फाटक पुन्हा पूर्ण बंद केलं. चौकशी केली तेव्हा त्याला सांगण्यात आलं की वापरणारं कुणी नव्हतं.

हात गळ्यात अडकवलेला असल्यामुळे मला वेणी घालता येत नसे. सासूबाई मला पुढ्यात बसवून घालायच्या. दिसत नव्हतं तरी बोटं सराईत होती. त्यांना फाटकाचं सगळं माहीत होतं, मी रोज येऊन सांगत असे. पण मी कुठल्या रस्त्याने येते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. बडोबाबू येऊन गेले त्या दुपारी वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कचेरी पाचलाच सुटली ना गं?"

"हो."

"म्हणजे ते फाटक तुला उघडं होतं."

मी हो म्हटलं. त्यांची बोटं माझ्या केसांत थांबली. "मग कुणासाठी गेलीस तिकडून?"

जे पुढे निघून गेले होते त्यांनी मला पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि जिच्यासाठी मी घरी पोचायला हवं होतं ती माझ्यामागे बसून माझे केस धरून होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वेणी शेवटपर्यंत घातली, घट्ट, फीत बांधली. मग भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "साताऱ्याला तार कर. दोघी येतोय म्हणून."